चेकआउट झालेली खोली कशी तयार करायची: हाउसकीपिंगला नव्याने लागलेल्यांसाठी

नव्या माणसाची दमछाक होते ती बहुतेक वेळा एकच जागा दोनदा पुसावी लागल्यामुळे. आरसा लखलखीत केला आणि मग शॉवर धुतला, की आरशावर पुन्हा शिंतोडे. टेबल पुसून झाल्यावर चादर बदलली, की टेबलावर पुन्हा लव. खोलीतलं प्रत्येक काम वेगळं पाहिलं तर सोपंच आहे. अडतं ते क्रमावर. म्हणून इथे एकच खोली धरू: तारकर्ली किंवा मालवणकडचं समुद्राजवळचं हॉटेल, दोघांची एसी खोली, पाहुणे अकराला गेले, पुढचे एकला येणार. अनुभवी माणूस अशी खोली २५ ते ३० मिनिटांत काढतो. पहिले काही दिवस ४५ मिनिटं लागली तरी चालतील, क्रम मात्र मोडू नका.

ट्रॉली आणि बाटल्या

ट्रॉलीत चादरी-रजईची कव्हरं सगळ्यात खाली, टॉवेल मधे, साबण-शॅम्पू-चहाची पाकिटं वर. जड सामान वर ठेवलं की वळणावर ट्रॉली कलते. मळक्या कपड्यांची पिशवी एका टोकाला, कचऱ्याची दुसऱ्या टोकाला. दोन्ही एकाच बाजूला अडकवल्या तर घाईत टॉवेल कचऱ्यात जातो, आणि लाँड्रीच्या मोजणीत कमी पडला की शोधाशोध तुमच्याकडेच येते.

फडकी रंगाने ओळखायची. बऱ्याच ठिकाणी लाल कमोडसाठी, पिवळं बेसिन-शॉवरसाठी, निळं खोलीतल्या फर्निचरसाठी असं असतं. तुमच्या हॉटेलात वेगळं असेल तर तेच पाळा. लाल फडकं बेसिनला लावायचं नाही, धुऊन आणलेलं असलं तरी नाही. मायक्रोफायबरच्या फडक्याची चौपदरी घडी घातली की पुसायला आठ कोऱ्या बाजू मिळतात. एक बाजू मळली की घडी फिरवा. चुरगळून बोळा केलेलं फडकं फक्त घाण इकडून तिकडे नेतं.

टास्की या ब्रँडची आर मालिका, म्हणजे साफसफाईच्या औषधांचा नंबरवार संच, अनेक हॉटेलांत असते आणि बोलतानाही नुसते नंबर घेतले जातात: आर-वन बाथरूमला, आर-टू टेबल-फरशीसारख्या सगळ्या कडक पृष्ठभागांना, आर-थ्री काचेला, आर-फोर लाकडी फर्निचरला, आर-फाइव्ह खोलीतल्या वासाला, आर-सिक्स कमोडला. आर-टू रोजच्या पुसण्याला एका लिटर पाण्यात २० मिली पुरतं, फार चिकट जागेला ५० मिलीपर्यंत. दुसऱ्या कंपनीचं औषध असेल तर बाटलीवरचं प्रमाण पाहा आणि मोजूनच टाका. अंदाजाने जास्त ओतलं तर जास्त स्वच्छ होत नाही. पुसलेल्या जागेवर पातळ थर राहतो, त्यावर धूळ बसते आणि फरशीवर पाय सटकतो. पाणी आधी, औषध नंतर. उलट केलं तर फेस बाटलीबाहेर येतो आणि घट्ट औषध अंगावर उडतं.

दोन गोष्टींत सूट नाही. कमोडच्या क्लीनरमध्ये बहुधा हायड्रोक्लोरिक आम्ल असतं. ते ब्लीचमध्ये मिसळलं की क्लोरीन वायू सुटतो, आणि बंद बाथरूममध्ये तो छातीत भरायला वेळ लागत नाही. आधी ब्लीच टाकलेलं असेल तर भरपूर पाण्याने धुऊन मगच दुसरं काही वापरा. आणि कुठलंही औषध पिण्याच्या पाण्याच्या रिकाम्या बाटलीत भरायचं नाही, पाच मिनिटांसाठीसुद्धा.

दार ते पहिली पाच मिनिटं

रिसेप्शनने चेकआउट सांगितलं असलं तरी दार वाजवायचं. किल्लीने नाही, बोटांच्या पेरांनी. तीनदा वाजवून "हाउसकीपिंग" म्हणायचं, दहा सेकंद थांबायचं, पुन्हा तसंच करायचं. मग दार थोडं उघडून तिसऱ्यांदा आवाज द्यायचा. आत कुणी झोपलेलं किंवा अंघोळीत असेल तर माफी मागून लगेच मागे फिरा आणि दार ओढून घ्या. दारावर डीएनडी (डू नॉट डिस्टर्ब, म्हणजे त्रास देऊ नका) ही पाटी असेल तर वाजवायचंही नाही. वेळ लिहून सुपरवायझरला कळवा. मास्टर-की हातात असताना कुणी "किल्ली आत राहिली, जरा उघडून द्या" म्हटलं, तर चेहरा ओळखीचा असला तरी नम्रपणे रिसेप्शनला पाठवा.

आत गेल्यावर एसी बंद, पडदे-खिडक्या उघड्या, सगळे दिवे सुरू. दिवे स्वच्छ करण्यासाठी नव्हे, कुठला लागत नाही ते आत्ताच कळावं म्हणून. नंतर शोधायला गेलात तर इलेक्ट्रिशियन येईपर्यंत पाहुणे दारात उभे असतात.

लगेच बाथरूममध्ये जा. कमोड फ्लश करा, ब्रशने पाणी आत ढकलून पातळी खाली आणा आणि मग क्लीनर वरच्या कडेच्या आतून गोल सोडा. पाणी भरलेल्या भांड्यात सोडलं तर ते पातळ होऊन तळाशीच राहतं आणि कडेखालचा पिवळा थर तसाच उरतो. आता हात न लावता बाहेर या. तुम्ही पलंग लावाल तेवढ्या वेळात ते आपलं काम करतं. घासण्यातली निम्मी मेहनत इथे वाचते आणि नवी मुलं नेमकी हीच पायरी शेवटी करतात.

मग राहिलेल्या वस्तू. उशीच्या कव्हरात, पलंग आणि भिंतीच्या फटीत, तिजोरीत, दारामागच्या खुंटीवर, चार्जरच्या प्लगला बघा. कानातलं, औषधाची पट्टी, फोन नंबर लिहिलेली चिठ्ठीसुद्धा कचरा धरू नका. खोली नंबर, तारीख, वेळ आणि कुठे सापडलं हे लिहून लॉस्ट-फाउंडला द्या. कचऱ्याची पिशवी हाताने दाबू नका, आत ब्लेड किंवा इन्सुलिनची सुई असू शकते. पिशवी वरून धरून उचला, अंगाला टेकवू नका. धारदार वस्तू वेगळ्या कडक डब्यात.

पलंग

चादर काढताना झटकायची नाही. चारही कोपरे आत घेऊन गुंडाळा; वाळू, केस, चुकून राहिलेलं कानातलं आतच राहतं. समुद्रकाठच्या हॉटेलात हे फार उपयोगी पडतं, कारण झटकलेली वाळू गालिच्यात शिरली की व्हॅक्यूमलाही दाद देत नाही. मळके कपडे जमिनीवर टाकू नका, आणि पाय पुसायला टॉवेल तर अजिबात घेऊ नका.

गादी उघडी पडली की ढेकूण बघा. गादीच्या शिवणी आणि कडेची गोट, कोपऱ्यातल्या चुण्या, पलंगाच्या डोक्याकडच्या फळीची मागची बाजू. शाईचं टोक टेकवल्यासारखे काळपट ठिपके किंवा ५ ते ७ मिलिमीटरचा चपटा तपकिरी किडा दिसला तर काम थांबवा. तिथली कुठलीच वस्तू ट्रॉलीवर ठेवू नका, कपडे खोलीतच पिशवीत घालून तोंड बांधा आणि सुपरवायझरला बोलवा. ट्रॉलीवर टाकलेली एक चादर त्या मजल्यावरच्या सगळ्या खोल्यांचा फेरा मारून येते.

चादरीचं माप कसं ठरतं ते समजलं की कुठली चादर कुठल्या पलंगाची हे विचारावं लागत नाही. गादी ७२ बाय ७८ इंच आणि ८ इंच जाड धरा. रुंदीला ७२, दोन्ही बाजूंची जाडी १६, खाली खोचायला दोन्हीकडे १०-१० म्हणजे २०, झाले १०८. लांबीला त्याच हिशेबाने ११४. धुऊन आटलेली किंवा चुकीच्या मापाची चादर खाली पाच-सहा इंचच जाते, आणि पाहुणा रात्री एकदा कुशीवर वळला की निघते.

गादीवर प्रोटेक्टर (गादी मळू नये म्हणून घातलेलं कव्हर) सरळ करा, वर चादर पसरा, मधली घडी पलंगाच्या बरोबर मधोमध. आधी डोक्याकडून, मग पायाकडून खोचा. आता कोपरा: कोपऱ्यापासून साधारण एक फुटावर चादरीची लोंबती कड धरा आणि वर उचलून गादीवर आडवी ठेवा, तिथे त्रिकोण दिसेल. खाली जो भाग लोंबतोय तो गादीखाली खोचा. मग एक तळवा गादीच्या कडेवर दाबून वरचा त्रिकोण खाली ओढा. ४५ अंशाची घडी पडते, तिचं टोक आत खोचा. चारही कोपरे असेच. एका बाजूचे दोन्ही कोपरे संपवून मगच दुसरीकडे जा, फेऱ्या वाचतात. गादी उचलताना कमरेतून वाकू नका, गुडघे वाकवा आणि बोटं नव्हे, तळहात खाली घाला. मोठी गादी फिरवायची असेल तर दोघांनीच.

रजईचं कव्हर घालताना ते उलटं करा, आत हात घालून त्याचे दोन कोपरे पकडा, त्याच हातांनी रजईचे दोन कोपरे धरा आणि कव्हर त्यावर सुलटं सोडत या. उशी कव्हरात कोंबताना हनुवटीखाली धरायची सवय अनेकांना असते, ती मोडा. उशीच्या कव्हराचं उघडं तोंड दारापासून उलट्या बाजूला. शेवटी हात फिरवून केस बघा. बाकी सगळं उत्तम असून पांढऱ्या चादरीवर एक लांब केस सापडला, तर पाहुण्याच्या लेखी चादर बदललेलीच नसते.

डाग दिसला तर कपडा वेगळा बांधून लाँड्रीला डागाचं नाव सांगा. रक्ताला गार पाणी, गरम पाण्याने ते पक्कं होतं. कोकणातल्या तांबड्या मातीत लोह असतं. तिच्यावर किंवा गंजावर ब्लीच मारलं तर डाग आणखी बसतो. हळदीचा डाग साबण लागताच लाल होतो, त्याने घाबरू नका; धुऊन कडक उन्हात वाळवला की फिका पडत जातो.

पुसणं

पलंगानंतरच धूळ, कारण चादरीची लव आता खाली बसलेली असते. दाराशी सुरू करून एकाच दिशेने भिंतीभिंतीने फिरा, वरून खाली: दाराची चौकट, कपाटाचा वरचा भाग, दिवे, टेबल, खुर्चीचे पाय. टीव्हीचा रिमोट, स्विच, दाराची मूठ, फोन यांना सगळ्यांचे हात लागतात, तिथे औषध लावलेलं फडकं. स्विचवर थेट फवारू नका, फडक्यावर घ्या.

केटल उघडून आत बघाच. लोक तिच्यात अंडी उकडतात, मॅगी करतात आणि झाकण लावून जातात. तळाला पांढरा क्षार असेल तर अर्ध्या लिटर पाण्यात एक मोठा चमचा सायट्रिक ॲसिड, म्हणजे लिंबाचं फूल, टाकून उकळा, पंधरा मिनिटांनी ओता, दोनदा साधं पाणी उकळून टाका. पाण्याचे ग्लास खोलीत धुऊन बाथरूमच्या फडक्याने पुसण्याचा मोह होतो. ते पॅन्ट्रीत पाठवा आणि धुतलेले आणा.

पावसाळ्यात कपाटाची दारं आणि खण काम संपेपर्यंत उघडे ठेवा. कुबट वासावर सुगंधी फवारा मारला की दोन वास येतात, जात एकही नाही. मागच्या फळीवर बुरशी असेल तर पुसून, सुकवून कळवा.

बाथरूम

हातमोजे घाला. वाळू असेल तर आधी कोरड्या झाडूने भरून घ्या. पाणी मारून ती मोरीच्या जाळीत ढकलली की दोन आठवड्यांत पाणी तुंबतं, आणि टाइल्सवर ओरखडेही तिच्यामुळेच पडतात. जाळी उचलून केस काढा.

क्रम असा: शॉवरच्या भिंती आणि नळ, बेसिन, आरसा, मग कमोड, शेवटी फरशी. आरसा शॉवरनंतर, म्हणजे शिंतोडे त्याच पुसण्यात जातात. औषध लावून लगेच धुऊ नका. बाटलीवर जितकी मिनिटं लिहिलीत तितका वेळ जागा ओली राहिली पाहिजे, तरच जंतू मरतात. नळ शेवटी कोरड्या फडक्याने पुसा, नाहीतर बोअरच्या पाण्याचे पांढरे ठिपके तासाभरात परत येतात. ते ठिपके काढायला आम्ल घ्यावंसं वाटेल. पण संगमरवर आणि कोटा दोन्ही चुनखडीचे दगड आहेत. त्यांवर आम्ल पडलं की चमक कायमची जाते, पॉलिशवाल्यालाच बोलवावं लागतं. क्रोमच्या नळालाही टॉयलेट क्लीनर नको.

कमोड आता ब्रशने घासा, कडेखाली विशेष. बाहेरची बाजू, सीटच्या दोन्ही बाजू, बिजागऱ्या, मागचा पाइप लाल फडक्याने. हातमोजे काढा, हात धुवा आणि मगच नवे टॉवेल, साबण ठेवा. बादलीत पाणी ठेवू नका. डास होतात आणि शिळ्या पाण्याचा वासही येतो.

निघताना

फरशी आधी कोरडी झाडून मग ओली पुसा. आतल्या कोपऱ्यातून दाराकडे, मागे मागे येत, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखा मॉप फिरवत. दोन बादल्या घ्या, एकीत औषधाचं पाणी, दुसरीत मॉप पिळायला. बाथरूम पुसलेलं पाणी खोलीत आणू नका.

दाराकडे जाण्याआधी खुर्चीवर बसून बघा आणि उशीच्या उंचीवरून छताकडे बघा. कोळिष्टकं तिथूनच दिसतात, उभ्या माणसाला नाही. खिडक्या बंद, गीझर बंद, पडदे सारखे, एसीचा रिमोट चालतो का पाहून २४ वर. शीटवर खोली नंबर, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ, बदललेल्या चादरी-टॉवेलांची संख्या लिहा. गळका नळ, सैल बिजागरी, न लागणारा दिवा जे दिसलं तेही त्याच शीटवर, आणि रिसेप्शनला फोन करून खोली तयार सांगण्याआधी.