कार्ब्युरेटरमधून पेट्रोल गळणे आणि टायमिंग: माझा अनुभव
जुनी, पॉइंट्सवाली (ठिणगीसाठी उघड-बंद होणारे संपर्क असलेली) गाडी. इंजिन चालू असताना कार्ब्युरेटरच्या ओव्हरफ्लोमधून पेट्रोल ठिबकायचं आणि ॲक्सिलरेटर दाबला की कार्ब्युरेटरमध्येच फटाका. गॅस्केट बदललं, नीडल व्हॉल्व्ह (पेट्रोल आत सोडणारी सुईसारखी झडप) नवा टाकला, फरक शून्य. अक्षरशः वैताग.

दोष निघाला पितळी फ्लोटमध्ये (पेट्रोलवर तरंगून ती झडप बंद करणारा पोकळ डबा). कानाशी हलवल्यावर आत पेट्रोल खळखळलं. गरम पाण्यात (विस्तवापासून लांब) बुडवला. बुडबुडे आले तिथेच भोक. भोकाला डाग (सोल्डर) देऊ नका, वजन वाढून पेट्रोलची लेव्हल बिघडते. नवा फ्लोट बसवून लेव्हल मॅन्युअलप्रमाणे लावली. गळती बंद.

टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) त्यानंतर. आधी पॉइंट्सचा गॅप, कारण तो बदलला की टायमिंगही सरकतं. इंजिन गरम केलं, व्हॅक्यूम ॲडव्हान्सची (इंजिनच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी काढून तिचं तोंड बंद केलं. आयडलवर टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर चमकणारा दिवा) धरून, डिस्ट्रिब्यूटर (प्लगांना ठिणगी वाटणारा भाग) किंचित फिरवत टायमिंगची खूण जुळवली. बोल्ट आवळून पुन्हा तपासलं (आवळताना हमखास सरकतो), मग नळी जोडली. फटाके थांबले.