गणपतीतल्या डॉक्स-दिवसाची तयारी: आधी एक कोरा लॅपटॉप

गेल्या वर्षी गौरी-विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी आमच्या पडवीत माझा धरून चौदा लॅपटॉप उघडले होते. पुण्या-मुंबईहून गावी आलेले चाकरमानी, त्यांतले निम्मे सॉफ्टवेअरमधले, शिवाय तालुक्याच्या कॉलेजातली पोरं. किनाऱ्यावरच्या भरती-ओहोटीच्या वेळा काढणारा आमचा ओपन सोर्स प्रोग्राम प्रत्येकाने आपल्या मशीनवर चालवायचा आणि मग त्याचं डेव्हलपर डॉक्युमेंटेशन (म्हणजे डॉक्स, प्रोग्राम कसा बसवायचा-वापरायचा ते सांगणारी पानं) सगळ्यांनी मिळून पुढे न्यायचं, असं ठरलं होतं. जेवणाची पानं मांडायची वेळ झाली तरी तो एकाच मशीनवर चालत होता, माझ्या. बाकी तेरा पडद्यांवर एकच ओळ: डेटाची फाइल सापडत नाही. शेवटी कॉलेजातली एक मुलगी हळूच म्हणाली, "दादा, ह्यां फक्त तुमच्याच लॅपटॉपार चलता."

कारण रात्री सापडलं. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या बॅशआरसी फाइलमध्ये (टर्मिनलची लपलेली सेटिंग फाइल) एक ओळ टाकली होती. डेटाचा फोल्डर कुठे आहे ते सांगणारं एक एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. टाकली, काम झालं, विसरलो. टर्मिनल उघडलं की ती आपोआप लागू व्हायची, म्हणून मला एरर कधी दिसलीच नाही. इन्स्टॉलचं पान मी स्वतः तीन वेळा तपासलं होतं, पण तिन्ही वेळा त्याच लॅपटॉपवर. जेवून माणसं पांगली, दोन दिवसांनी परतीच्या गाड्या धरल्या, आणि त्यांतली बरीचशी रेपोकडे, म्हणजे कोड ठेवलाय त्या ऑनलाइन जागेकडे, पुन्हा फिरकली नाहीत. ही माणसं इथे वर्षातून एकदाच एका जागी मिळतात. म्हणून या वर्षीची तयारी लिहून काढतोय. तुमचा प्रकल्प वेगळा असेल, पण चूक हीच होणार आहे.

तर पहिलं काम: कोरा लॅपटॉप मिळवा. पानं सुधारणं, मराठी भाषांतर, साइटचा रंग, सगळं त्यानंतर. ज्या मशीनवर तुमचा प्रोग्राम कधीच चाललेला नाही ते मशीन घ्या आणि इन्स्टॉलच्या पानाची पहिली ओळ वाचायला लागा.

मशीन मिळेपर्यंत निदान दोन गोष्टी घरच्या घरी करता येतात. आपल्याच लॅपटॉपवर नवीन युजर खातं उघडा आणि त्यातून सगळं पहिल्यापासून करा. होम फोल्डरमधली लपलेली सेटिंगं त्यात नसतात. माझी चूक या पाच मिनिटांच्या कामात पकडली गेली असती. पण पूर्वी कधीतरी सिस्टीमवर बसवलेल्या लायब्रऱ्या (प्रोग्रामला लागणारा दुसऱ्यांचा तयार कोड) नव्या खात्यालाही दिसतात, म्हणून दुसरी पायरी डॉकरच्या कोऱ्या कंटेनरची, म्हणजे मशीनच्या आतच उघडलेल्या वेगळ्या, रिकाम्या सिस्टीमची. तिथे कोडाचा चालणारा प्रोग्राम बनवणारा कंपायलरसुद्धा नसतो, आणि पानात काय काय गृहीत धरलंय ते दहा मिनिटांत बाहेर येतं. तरीही कंटेनर म्हणजे लिनक्स. तुमच्या पडवीत येणारी निम्मी मशिनं विंडोजची असतील. विंडोज 10 वर पायथन ही प्रोग्रामिंगची भाषा बसवलेली नसताना टर्मिनलमध्ये पायथन टाइप केलं की मायक्रोसॉफ्ट स्टोअरची खिडकी उघडते, आणि नवशिक्याला वाटतं आपण काहीतरी मोडलं. पायथनच्या इन्स्टॉलरच्या पहिल्याच पडद्यावर पायथन पाथमध्ये (टर्मिनल प्रोग्राम शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) घालायची एक चौकट असते. ती टिक करायची राहिली की पुढचं काहीच चालत नाही. युजरच्या नावात मोकळी जागा असेल तर फोल्डरचा पत्ता अवतरणचिन्हांत घालावा लागतो. हे तिन्ही लिहा. लिनक्सवाल्या माणसाला यातलं एकही सुचत नाही, कारण त्याला ते कधी भोगावंच लागत नाही.

आणि तिसरी पायरी, जिच्यापुढे पहिल्या दोन्ही दुय्यम: मशीनही दुसऱ्याचं आणि हातही दुसऱ्याचे. तुम्ही फक्त मागे बसायचं. बोलायचं नाही, बोट दाखवायचं नाही. "अरे, ते सोड, आधी हे कर" असं वाक्य तोंडात आलं की ते वहीत लिहायचं, कारण तेच वाक्य पानात कमी आहे. गेल्या वर्षी मी नेमकं उलटं केलं. तेरा लॅपटॉपांमधून फिरत तोंडी सांगत सुटलो, आणि काय काय सांगितलं याची नोंद कुठेच राहिली नाही. नोंद ठेवली ती त्याच मुलीने. वहीच्या मागच्या पानावर तिने अकरा जागा लिहिल्या होत्या, प्रत्येकीपुढे आलेली एरर जशीच्या तशी उतरवलेली, आणि शेजारी आपल्या मनाने काय करून पाहिलं तेही. आमच्या आजच्या इन्स्टॉलच्या पानाचा सांगाडा म्हणजे ती अकरा ओळींची यादी. तिच्या नावाने ती रेपोत घातली, तेव्हा तिचं नाव कोड लिहिणाऱ्यांच्या यादीत आलं. ते यायलाच हवं होतं.

आता बाकीचं. लायसन्सची फाइल, रीडमी (प्रकल्पाची ओळख देणारी पहिली फाइल), संपर्काचा पत्ता: हे असतंच, नसेल तर आजच टाका. रीडमीच्या पहिल्या दोन वाक्यांत प्रोग्राम काय करतो आणि काय करत नाही ते असावं.

पानांची वाटणी करताना डानिएले प्रोचिदा यांची डायटॅक्सिस ही पद्धत खूप उपयोगी पडते. चार प्रकार: हात धरून शिकवणारा धडा, ठरावीक कामाची कृती, संदर्भ, आणि असं का आहे याचं स्पष्टीकरण. आमचं जुनं पान हे चारही एकत्र कालवून बसलं होतं. इन्स्टॉलच्या मध्येच चंद्राच्या ओढीवर तीन परिच्छेद. ते परिच्छेद मी फार जीव लावून लिहिले होते, पण कमांड शोधणाऱ्याला ते अडथळाच. ते स्पष्टीकरणाच्या पानावर गेले आणि तिथे ते आता खरोखर वाचले जातात.

धड्यात पहिलं उदाहरण असं घ्या की आलेलं उत्तर बरोबर आहे का, ते माणसाला स्वतःच्या अनुभवावरून ताडता येईल. आमच्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीच्या आकड्याची पाऊणपट केली की पूर्ण भरती किती वाजता, त्याचा ढोबळ आकडा मिळतो. चतुर्थीला तीनच्या सुमारास, अष्टमीला सहाच्या. धड्यातल्या पहिल्या कमांडमध्ये आम्ही चतुर्थीचीच तारीख घातलीय. उत्तर तीनच्या आसपास आलं की मच्छीमाराच्या घरातला पोरगा लगेच म्हणतो, बरोबर आहे. सकाळचे नऊ दाखवले तर त्याला कोणी सांगावं लागत नाही.

यावरून वेळेचा आणि एककांचा मुद्दा, इथे घाई करू नका. आमचा प्रोग्राम आतून यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ, वापरतो आणि भारतीय प्रमाणवेळ तिच्यापुढे साडेपाच तास. संदर्भाच्या पानावर आम्ही नुसतं "वेळ" लिहिलं होतं. एका नव्या माणसाने ती भारतीय वेळ धरून तक्ता बनवला. आपल्याकडे दिवसातून दोनदा भरती येते, दोन भरत्यांमध्ये सुमारे 12 तास 25 मिनिटं, म्हणजे भरतीपासून ओहोटी सव्वासहा तासांच्या आसपास. साडेपाच तासांची चूक म्हणजे भरतीच्या जागी जवळपास ओहोटीच. खाडीच्या तोंडाशी वाळूचा बांध असतो, तिथून पाणी चढल्यावरच होडी आत घेतात. असा तक्ता कोणी भिंतीला लावला तर काय होईल याचा विचार करून माझी झोप उडाली होती. तो वेळीच हाती लागला. तेव्हापासून प्रत्येक फंक्शनच्या नोंदीत वेळ कुठली, उंची मीटरमध्ये की फुटांत, आणि ती चार्ट डेटमपासून (समुद्री नकाशांतली खोली मोजायची खालची पातळी) मोजलीय की सरासरी समुद्रसपाटीपासून, हे तिन्ही लिहिल्याशिवाय पुल रिक्वेस्ट (आपला बदल रेपोत घ्या अशी विनंती) घेत नाही. तुमच्या प्रकल्पात समुद्र नसेल, पण एकक नक्की असेल.

कमांड व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवू नका. काही फोनांच्या कीबोर्डवर दोन हायफन जोडून एक लांब रेघ होते, सरळ अवतरणचिन्हं वाकडी होतात, दोन तारकांमधला मजकूर ठळक होऊन तारकाच गायब. डोळ्यांना फरक कळत नाही, टर्मिनलला कळतो. ग्रुपवर पानाची लिंक टाका, बस. मराठी पानांतही कमांड जशाच्या तशा रोमन लिपीत आणि आकडे इंग्रजी ठेवा. आमच्या एका उत्साही भाषांतरात पोर्टचा नंबर देवनागरीत गेला होता, आणि कमांडला तो इंग्रजी आकड्यांतच लागतो.

रेंज. पावसाळ्यात आमच्याकडे वीज जाते आणि तिच्यामागोमाग टॉवरही. चौदा जणांनी एका हॉटस्पॉटवर एकदम डाउनलोड सुरू केलं की कोणाचंच पुरं होत नाही. लागणारी सगळी पॅकेजं आधीच पेनड्राइव्हवर उतरवा. पायथनची पॅकेजं बसवणाऱ्या पिपला नो-इंडेक्स आणि फाइंड-लिंक्स हे पर्याय दिले की ते इंटरनेटकडे न बघता त्या फोल्डरमधून बसवतं. पण विंडोजची पॅकेजं वेगळी, लिनक्सची वेगळी, मॅकची वेगळी, आणि पायथनच्या आवृत्तीप्रमाणेही बदलतात. फक्त स्वतःच्या मशीनपुरती उतरवलीत तर पुन्हा तेच, तुमच्याच लॅपटॉपवर चालणार. पेनड्राइव्हसुद्धा कोऱ्या मशीनवर, वायफाय बंद करून लावून बघा.

कोरं मशीन एकदा बघितलं म्हणजे झालं असंही समजू नका. मे महिन्यात चाललेलं पान भाद्रपदात चालेलच असं नाही, कारण मधल्या काळात एखाद्या लायब्ररीची नवी आवृत्ती येते आणि जुनं नाव बंद होतं. आवृत्त्या नेमक्या बांधून ठेवा आणि कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी पुन्हा एकदा, पुन्हा कोऱ्या खात्यातून, पहिल्या ओळीपासून.

देखभाल. गिटहबने 2017 साली ओपन सोर्समधल्या लोकांचं सर्वेक्षण केलं, त्यात 93 टक्के लोकांनी अपुरं किंवा शिळं डॉक्युमेंटेशन ही अडचण सांगितली, आणि 60 टक्के म्हणाले की आपण डॉक्युमेंटेशनला क्वचितच हात लावतो किंवा कधीच लावत नाही. दोन्ही आकडे शेजारी ठेवले की कळतं दुखणं कुठे आहे. आमचा नियम एकच: कोड बदलणाऱ्यानेच पान बदलायचं, त्याच पुल रिक्वेस्टमध्ये. "नंतर करतो" म्हणून उघडलेले इश्यू (रेपोतल्या बाकी कामांच्या नोंदी) आमच्याकडे वर्षभर पडून राहिले. शक्य तिथे माणसावर विसंबूही नका. पायथनच्या डॉकटेस्टने पानातली उदाहरणं खरोखर चालवून बघता येतात, उत्तर जुळलं नाही की चाचणी पडते. डॉक्सची साइट बनवणारं स्फिंक्स वापरत असाल तर लिंकचेक मेलेल्या लिंका शोधून देतं. दोन्ही सीआयमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलानंतर चाचण्या आपोआप चालवणाऱ्या सर्व्हरवर, लावा. पण हेही ध्यानात ठेवा की सीआयला एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आपणच सेटिंगमध्ये भरून दिलेलं असतं. आमचं भरलेलं होतं, म्हणून तिथे वर्षभर सगळं हिरवं दिसत होतं. सीआय म्हणजे कोरा लॅपटॉप नाही.

प्रत्येक पानावर आवृत्ती लिहा. जुन्या आवृत्तीची पानं पुसू नका, वर ठळक सूचना टाका. चेंजलॉग (कुठल्या आवृत्तीत काय बदललं त्याची यादी) माणसांसाठी लिहा, कोडातल्या प्रत्येक बदलासोबतचे कमिटचे संदेश चिकटवू नका. प्रत्येक पानाला एक मालक, नावासकट. नव्या माणसाच्या पहिल्या पुल रिक्वेस्टला दोन दिवसांत उत्तर, "बघतो" एवढं तरी.

दिवस ठरवताना दीड दिवसांचे आणि गौरीबरोबर जाणारे गणपती दोन्ही बघा, आणि परतीची तिकिटं कधीची आहेत ते विचारा. सकाळी आरतीनंतर सुरू, जेवणाआधी प्रत्येकाच्या पडद्यावर चतुर्थीची भरती दिसली पाहिजे. नाही दिसली तर पुढचं सगळं सोडून तेवढंच करायचं. एक्स्टेन्शन बोर्ड, इन्व्हर्टर चार्ज, दोन पेनड्राइव्ह, वही आणि पेन, ते त्या मुलीच्या हातात.

मामेभावाचा जुना विंडोज लॅपटॉप सोमवारी पनवेलहून येतोय. त्याला सांगितलंय, सगळं पुसून आण, आणि तूच चालवायला बस.