रेझोल्यूट ते ग्रीस फिओर्ड: दीड तासाच्या फ्लाइटची तयारी

कॅनडाच्या पार उत्तरेला, नुनावुतमध्ये, रेझोल्यूटहून ग्रीस फिओर्डला कुणी जाणार असेल तर आधी आकडे डोक्यात बसवा. हवाई अंतर साधारण 385 किमी, म्हणजे मुंबई-कोल्हापूर रस्त्याने पडतं तेवढंच, आणि ट्विन ऑटर या छोट्या पंख्याच्या विमानाला अंदाजे दीड तास. रस्ता नाहीच. वेळापत्रकात मात्र जाताना अडीच तास दिसतील आणि येताना अर्धा, कारण ग्रीस फिओर्डचं घड्याळ एक तास पुढे आहे, त्यामुळे कुठल्या गावची वेळ सांगताय ते काउंटरवर विचारूनच घ्या.

गरम कपडे, बूट, गॉगल हे सांगत बसत नाही.

आता औषधं. रोजच्या गोळ्या चेक-इन बॅगेत टाकायच्या नाहीत म्हणजे नाहीत. दीड तासाचं तर आहे, बॅग सोबतच उतरेल, असं मलाही वाटलेलं, आणि बॅग राहिली रेझोल्यूटला, बीपीच्या गोळ्यांसकट. हिशोबच तसा असतो हो. ट्विन ऑटरचं उड्डाणाच्या वेळचं एकूण वजन जास्तीत जास्त 5,670 किलो, त्यात विमान स्वतः, माणसं, गावाचं सामान आणि इंधन सगळं आलं. ग्रीस फिओर्डची धावपट्टी आखूड, खडीची, शेजारी लगेच डोंगर, ढग खाली आले की उतरता येत नाही, आणि आसपास दुसरं गाव नाही म्हणून परत रेझोल्यूट गाठण्याइतकं इंधन निघतानाच भरून घ्यावं लागतं. म्हणजे 385 चे झाले 770. मग वजन कमी करायचं तर आधी बॅगा उतरतात, आणि पुढची फ्लाइट रोज नसते. गावात हेल्थ सेंटर आहे, नर्स आहेत, पण मेडिकलचं दुकान नाही. म्हणून गोळ्या जॅकेटच्या आतल्या खिशात. हँडबॅगेतही नको, ऐनवेळी तीसुद्धा मागे टाकायला घेतात. इन्सुलिन असेल तर अंगालगतच ठेवा, गोठलं की वाया गेलं.

विमानात टॉयलेट नसतं, आधीच जाऊन या.

राहायचं बुकिंग निघायच्या आधी फोनवर पक्कं करा, दारात जाऊन बघू हे इथे चालत नाही. खाण्याचं थोडं सोबत न्या, दुकानात सगळं महाग, जड सामान वर्षातून एकदा जहाजाने येतं.

रेझोल्यूटला वेळ मिळाला तर एकट्या पुरुषाचा पुतळा बघा, तो ग्रीस फिओर्डच्या दिशेने बघतोय. ग्रीस फिओर्डला बाई, मुलगा आणि कुत्रा आहेत, आणि ती बाई रेझोल्यूटकडे बघतेय. 1953 पासून सरकारने दक्षिणेकडून इनुइट, म्हणजे इथल्या उत्तरेकडच्या मूळ रहिवाशांची, कुटुंबं इथे आणून सोडली, एकत्र ठेवू म्हणाले आणि ऐनवेळी नातेवाईक दोन गावांत वाटून टाकले. माफी मागितली ती 2010 मध्ये. आपण दीड तासाला वैतागतो, त्यांच्याकडे तेव्हा विमानही नव्हतं, एवढं लक्षात ठेवून गावात वागा, विचारल्याशिवाय फोटो काढू नका.

परतीचं थोडक्यात: रेझोल्यूटहून खाली जायची फ्लाइट लगेच दुसऱ्या दिवशीची घेऊ नका, दोन-तीन दिवस मोकळे ठेवा. पॉवरबँक, थोडी कॅश. वजन परत होणार, बॅग परत राहू शकते, गोळ्या येतानाही खिशातच, आणि चार दिवसांच्या जास्तीच्या.