जुन्या कौलारू घराची ओटी आणि पुढचा दरवाजा नीट करायचाय? आधी पाणी बघा, रंग नंतर

आमचं गावचं घर कोकणात, देवरुखच्या बाजूला, चिऱ्याचं म्हणजे जांभ्या दगडाचं, आणि कौलारू. पुढे ओटी म्हणजे ओसरी, खाली अंगण, पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायवाटेवरून, चार पायऱ्या चढून आत. दोन वर्षांपूर्वी घराचा दर्शनी भाग दुरुस्त करायला घेतला तेव्हा सगळेच सांगायला लागले की दरवाजा बदल, टाइल्स लाव, पुढे स्लॅबचा पोर्च काढ. यातलं काहीच केलं नाही तेच बरं झालं, कारण कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि जुन्या घराचा पुढचा भाग खराब होतो तो पाण्यामुळेच.

म्हणून पहिलं काम म्हणजे काम काढायच्या आधीच्या पावसाळ्यात छत्री घेऊन अंगणात उभं राहायचं आणि पाणी कुठून येतंय ते बघायचं, मोबाइलवर फोटो काढून ठेवायचे, कारण दिवाळीनंतर गवंडी येतो तेव्हा सगळं कोरडं ठणठणीत असतं आणि कुणालाच काही आठवत नाही. आमच्याकडे पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून जेमतेम फुटावर पडत होतं, खालच्या मातीवर आपटून उडायचं आणि भिंत खालून दोन फूट कायम ओली. पन्हळ लावलीच, पण पागोळ्या पडतात तिथे दोन फूट रुंद पट्ट्यात चिऱ्याचे तुकडे आणि खडी पसरली, त्याने पाणी उडायचंच थांबलं, खर्च जवळपास शून्य. अंगणाला जोत्यापासून बाहेरच्या बाजूला उतार द्या, दर चार फुटाला एक इंच पुरतो. रस्ता दरवेळी डांबर घालून वर येत गेला असेल तर पाणी तुमच्याकडे वळतं, मग गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, आतून चर काढून ते बाजूने काढून द्यावं लागतं.

आता ओटीची जमीन, आणि इथे सगळ्यात जास्त चुका होतात. आमच्याकडे पूर्वी एका गवंड्याने जुन्या लाल कोब्यावरच चकचकीत टाइल्स बसवल्या होत्या, खाली माल आणि वर टाइल मिळून जमीन दोन इंच वर आली, उंबरठा बुडाला, दरवाजा खालून तासावा लागला, आधीच पावणेसहा फुटाचा दरवाजा त्यात अजून बुटका झाला आणि पहिल्याच पावसात माझी आई त्या टाइलवरून घसरून पडली. मनगट मोडलं तिचं. तेव्हापासून मी प्रत्येकाला सांगतो, जमिनीवर जमीन चढवू नका, आधीची काढा आणि मूळ लेव्हलला या. फरशी घ्यायची तर खरखरीत घ्या, पॉलिश न केलेला कोटा किंवा शहाबादी. ओटीलाही बाहेर किंचित उतार पाहिजे, फुटाला अष्टमांश इंच, म्हणजे झड आत आली तरी पाणी साचत नाही.

पायऱ्यांची उंची सगळ्यांची सारखी ठेवा, सहा इंच उंच आणि पाय ठेवायला बारा इंच, जुन्या नऊ-नऊ इंचाच्या पायऱ्या म्हाताऱ्या माणसांचे गुडघे काढतात. एका बाजूला पकडायला तीन फूट उंचीचा कठडा घालाच. व्हीलचेअरसाठी उतार करायचा तर एक फूट चढायला बारा फूट लांबी लागते, म्हणजे चार पायऱ्यांना चोवीस फूट, तेवढी जागा अंगणात आहे का ते आधी मोजा.

भिंतीला सिमेंटचा गिलावा करू नका. चिरा आणि माती-चुन्याची जुडाई ओल घेते आणि सोडते, वरून सिमेंट मारलं की ओल आत अडकते आणि दोन-तीन वर्षांत पोपडे सुटतात. सिमेंट आधीच असेल तर ठोकून काढा, भिंत एक उन्हाळा सुकू द्या, मग एकास तीन चुना-वाळूचा गिलावा करा, त्यावर आठवडाभर तरी पाणी मारा आणि वर डिंक घातलेली चुन्याची सफेदी द्या. चुन्यात काम करणारा गवंडी शोधायला वेळ लागतो, पण त्याची वाट बघा.

दरवाजा मात्र बदलू नका, हे मी हात जोडून सांगतो. आमच्या दरवाज्यावर ऑइल पेंटचे पाच थर होते, चॉकलेटी, हिरवा, परत चॉकलेटी, त्याखालून सागवान निघालं, चौकटीवरच्या गणेशपट्टीवर सुताराच्या पटाशीच्या खुणा जशाच्या तशा, आणि कडीच्या बाजूला लाकडाला एक गुळगुळीत खळगा, चार पिढ्यांचे हात तिथे लागलेत. रंग काढायला कॉस्टिक सोडा वापरू देऊ नका, सागवान काळं पडतं. हीट गनने रंग मऊ करून लाकडाच्या रेषेच्या दिशेने खरवडायचा, गन एका जागी धरायची नाही, तोंडाला चांगला मास्क लावायचा आणि लहान मुलांना लांब ठेवायचं कारण जुन्या रंगात शिसं असू शकतं. मग पॉलिश पेपर 80, 120, 220 असा क्रमाने, आणि उकळलेल्या अळशीच्या तेलाचे पातळ तीन हात, मधे एक-एक दिवस सोडून. तेलाची फडकी चुरगळून टाकायची नाहीत, ती आपोआप पेट घेतात, पाण्यात भिजवून बाहेर पसरून वाळवायची.

चौकटीचे पाय आणि उंबरठ्याची टोकं टोचणीने टोचून बघा, टोचणी सहज आत गेली तर कुजलंय किंवा वाळवी आहे. सगळी चौकट काढायची गरज नसते, चांगला सुतार तेवढाच तुकडा कापून ऐन किंवा किंजळाचं लाकूड सांधून देतो, आमच्या उंबरठ्याला दीड फुटाचा जोड आहे. बाजूला पावसाळ्यासाठी तीन मिलिमीटरची फट ठेवायला सांगा, नाहीतर जुलैत दरवाजा फुगून अडकतो. आणि रुंदी कमी करू नका, गणपती त्याच दरवाज्यातून आत येतो.

लाइटला वॉर्म व्हाइट बल्ब घ्या, 3000 केल्विनचा, पाणी न शिरणाऱ्या फिटिंगमध्ये, एक दरवाज्यावर आणि एक पायऱ्यांवर उजेड पडेल असा. मीटर दर्शनी भिंतीवर विद्रूप दिसतो म्हणून स्वतः हलवू नका, महावितरणकडे अर्ज करा. तुळशीवृंदावनाला आम्ही हात लावला नाही, फक्त गेरू दिला. आता दर उन्हाळ्यात, पावसाआधी कौलं शाकारून झाली की, दरवाज्याला तेलाचा एक हात देतो, आई ओटीवर बसून कुठे राहिलंय ते दाखवते.