सिनेमा किंवा सिरीज बघून झाल्यावर मत कसं लिहायचं

सगळ्यात आधी, बघून संपलं की लगेच रेटिंग्ज आणि दुसऱ्यांचे रिव्ह्यू वाचू नका, कारण एकदा वाचले की आपलं मत कुठलं आणि त्यांचं कुठलं हे कळेनासं होतं. दहा मिनिटं बसा आणि डोक्यात राहिलेले दोन-तीन सीन लिहून काढा, बस्स.

मग "मस्त होता" किंवा "बोअर झालं" एवढ्यावर थांबू नका, का ते शोधा. उदाहरण देतो, '१२ अँग्री मेन' (१९५७) हा सिनेमा जवळजवळ सगळा एकाच खोलीत घडतो, पण तो बघताना हळूहळू गुदमरल्यासारखं का होतं? दिग्दर्शक सिडनी ल्युमेटनी कॅमेरा आधी डोळ्यांच्या वर ठेवला आणि हळूहळू खाली आणला, लेन्सही लांब फोकल लेंथच्या (म्हणजे मागचं जवळ ओढल्यासारखं दाखवणाऱ्या) करत नेल्या, त्यामुळे भिंती अंगावर आल्यासारख्या वाटतात, शेवटी छतसुद्धा दिसायला लागतं. मला हे कळल्यावर मी तो परत बघितला आणि खरंच अंगावर काटा आला!

सिरीजचं गणित वेगळं. 'ब्रेकिंग बॅड'चे ६२ एपिसोड आहेत, पहिले दोन बघून निकाल देणं मला तरी अन्यायाचं वाटतं, निदान एक सीझन बघा, आणि अर्धवट सोडली असेल तर तसं सरळ लिहा.

शेवट फोडायचा असेल तर आधी स्पॉयलर लिहाच प्लीज, आणि डब व्हर्जन बघितलं असेल तर अभिनयाला नावं ठेवायच्या आधी मूळ आवाजात दोन सीन ऐका.