अ‍ॅस्ट्रोबायोलॉजी करायचंय, मग बीएस्सी कशात?

पुण्यात अ‍ॅस्ट्रोबायोलॉजीची बीएस्सी कुठे आहे, असं बारावीची मुलं मला विचारतात. पृथ्वीबाहेर जीव असू शकतात का, याचा अभ्यास म्हणजे अ‍ॅस्ट्रोबायोलॉजी. तिची वेगळी बीएस्सी शोधत बसू नका. रसायन, सूक्ष्मजीवशास्त्र, भूशास्त्र, खगोलशास्त्र अशा चार विषयांच्या सांध्यावर हे काम चालतं आणि तिथे चारही जेमतेम येणाऱ्यापेक्षा एक पक्कं येणारा लागतो. पदवीला एकच धरा.

अकरावीत मात्र गणित आणि बायो दोन्ही ठेवा. ‘नीट द्यायची नाही ना, मग बायो कशाला?’ असं घरोघरी म्हणतात, तिकडे लक्ष देऊ नका. आयसर या केंद्रीय विज्ञान संस्थेचा पाच वर्षांचा बीएस-एमएस हा चांगला मार्ग, कारण सुरुवातीला सगळीच विज्ञानं शिकावी लागतात. त्याची प्रवेश परीक्षा वेगळी असते. ती नाही जमली तरी साधी बीएस्सी पुरते.

मी मायक्रो, म्हणजे सूक्ष्मजीवशास्त्र, घेतलं ते लोणारच्या तळ्यामुळे. मंगळासारख्या जागी जीव कसे तगतील, याचा अंदाज तिथे घेता येतो. मंगळाचा पृष्ठभाग बहुतांशी बेसॉल्ट या ज्वालामुखीच्या काळ्या खडकाचा आणि लोणारचं विवरही बेसॉल्टमध्येच पडलेलं. पाणी खारट, सामू (पीएच) दहाच्या आसपास, म्हणजे चांगलंच अल्कधर्मी. तिथले जिवाणू प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या नेहमीच्या न्यूट्रियंट अगारवर धड वाढत नाहीत, त्या मीडियमचा सामू वाढवावा लागतो. त्यासाठीचा सोडियम कार्बोनेट वेगळा ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेने निर्जंतुक करून) मीडियम कोमट झाल्यावर घालायचा. एकत्र तापवलात तर अगार नीट गोठत नाही, क्षारांचा साकाही बसतो. २०२० मध्ये तळं गुलाबी झालं, तेव्हा खारट पाण्यातल्या हॅलोआर्किया या सूक्ष्मजीवांमुळे, हे आपल्या पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेनेच सांगितलं.

खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकरांच्या पुढाकाराने झालेला इस्रोचा बलूनचा प्रयोग तर प्रत्येकाने मुळातून वाचावा. इतक्या उंचीवर सूक्ष्मजीव सापडतात का, हे पाहायला २००५ मध्ये हैदराबादहून बलून सोडून २० ते ४१ किलोमीटर उंचीवरची हवा निर्जंतुक पोलादी नळ्यांत भरली. त्यातून जिवाणूंच्या तीन नव्या जाती मिळाल्या. एकीचं नाव जॅनिबॅक्टर हॉयली. तपासणीत पुण्याची एनसीसीएस ही पेशीविज्ञान संस्था होती. तरीही ते जिवाणू पृथ्वीबाहेरचेच, असा दावा इस्रोने केला नाही. नमुन्यात आपलीच घाण शिरली नाही कशावरून, हा प्रश्न ज्याला आधी सुचतो तो या क्षेत्रात टिकतो. तो सुचायची सवय बीएस्सीच्या कंटाळवाण्या प्रॅक्टिकलमध्येच लागते.

भूशास्त्राकडे कुणी वळत नाही, हे मला खरंच कळत नाही. नासाची पर्सिव्हिअरन्स ही गाडी २०२१ पासून मंगळावरच्या जेझेरो विवराच्या परिसरात खडक कोरतेय. ते काम भूशास्त्रज्ञाचंच. फर्ग्युसनला हा विषय आहे, जागाही मायक्रोइतक्या चुरशीच्या नसतात. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा आणि स्टॅटिस्टिक्स मात्र कुठल्याही शाखेत शिका. दुर्बिणीची हौस असेल तर पुण्यातली हौशी आकाशनिरीक्षकांची ज्योतिर्विद्या परिसंस्था आहेच, पण त्यावर कुणी नोकरी देत नाही.

नोकरीचं घरच्यांना आधीच सांगून टाका: या नावाची पदं भारतात जवळपास नाहीत. तुम्हाला घेतील ते मायक्रोबायोलॉजिस्ट किंवा जिओकेमिस्ट (खडकांचं रसायन अभ्यासणारा) म्हणून. पीएचडीही बहुधा करावीच लागेल. तिसऱ्या वर्षाच्या प्रोजेक्टसाठी संशोधकांना मेल करताना ‘मला एलियन्समध्ये रस आहे’ असं लिहू नका. त्यांचा एखादा पेपर वाचून त्यातला न कळलेला भाग विचारा, म्हणजे उत्तर येण्याची शक्यता वाढते.