एकदम ड्राय स्पार्कलिंग वाईन कशी प्यायची, चव कशी ओळखायची

आपल्या सांगलीकडं द्राक्ष म्हटलं की गोडीच आठवते, सोनाका, माणिक चमन, तासगावचा बेदाणा. त्यामुळं ब्रूट नेचर, म्हणजे एकदम ड्राय, गोडी जवळजवळ नसलेली बुडबुड्यांची वाईन, पहिल्यांदा तोंडात गेली की निम्मी मंडळी विचारतात, ही खराब झालीय काय? नाही ओ, चवच तशी असते.

आधी लेबल बघा. ब्रूट नेचर म्हणजे लिटरमागं ३ ग्रॅमपेक्षा कमी साखर आणि वरून साखर अजिबात घातलेली नाही, एक्स्ट्रा ब्रूट ६ पर्यंत आणि साधी ब्रूट १२ पर्यंत. फसायची जागा एकच, एक्स्ट्रा ड्राय लिहिलेली बाटली ब्रूटपेक्षा गोड असते, १२ ते १७ ग्रॅम. सवय नसेल तर नाशिकची सुला ब्रूट किंवा शँडन ब्रूट घेऊन सुरू करा, ब्रूट नेचरवर मग जा. ही काय आजची फॅशन नाही बरं का, पोमरी या फ्रेंच शॅम्पेन कंपनीनं १८७४ च्या शॅम्पेनची ब्रूट इंग्रज गिऱ्हाइकांसाठी काढली, त्याआधी शॅम्पेन बऱ्यापैकी गोडच प्यायचे.

बाटली फ्रीजमध्ये तीन-चार तास, घाई असेल तर बर्फ-पाण्याच्या बादलीत अर्धा तास. आत ५-६ बार प्रेशर असतं, गाडीच्या टायरच्या दुपटीहून जास्त, म्हणून जाळी सैल करताना बुचावरचा अंगठा काढायचा नाही, तोंड माणसांकडं करायचं नाही, आणि बूच धरून बाटली फिरवायची. फस्स असा बारीक आवाज आला पाहिजे, लग्नातल्यासारखा फटाका नको, त्यात गॅस फुकट जातो. ग्लास साधा व्हाईट वाईनचा चालतो, फक्त साबण राहिलेला नको, बुडबुडेच टिकत नाहीत.

आता चव. पहिला घोट सोडून द्या, तो नुसता आंबट लागणार, जिभेला अजून अंदाज नसतो. दुसरा घोट थोडा तोंडात धरा, आधी लिंबाची साल, हिरवं सफरचंद, मग जिभेच्या कडेनं लाळ सुटते, ते आम्ल. द्राक्षं त्यासाठीच लवकर, कच्चट असतानाच तोडतात. बाटलीतच दुसऱ्यांदा आंबवलेली आणि मेलेल्या यीस्टवर बरेच महिने ठेवलेली असेल तर मागून भाजलेल्या पावाचा, बदामाचा वास येतो, आणि गिळल्यावर किंचित कडसर खारट काहीतरी रेंगाळतं. साखर नसल्यानं झाकायला काही नाही, वाईन पातळ असेल तर लगेच उघडी पडते, मला तरी तीच मजा वाटते. फार गार असेल तर यातलं काही कळत नाही, ग्लासात पाच-दहा मिनिटं राहू द्या, ८-१० डिग्री बास.

सोबत खारे शेंगदाणे, कांदाभजी, तळलेला मासा, कमी तिखटाचं भडंग. झणझणीत तांबडा रस्सा नको, बुडबुड्यांनी तिखट आणखी चढतं. आणि साताऱ्याचे कंदी पेढे तर बिलकुल नको, पेढ्यानंतर हीच वाईन व्हिनेगर लागते.

उरली तर घट्ट स्टॉपर लावून फ्रीजमध्ये, एक-दोन दिवसात संपवा. बाटलीच्या तोंडात चमचा अडकवायची ट्रिक काही कामाची नाही.